सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं घर

५ जानेवारी, धार

शेवटी हॉल मिळाला. सोळा बाय बारा, मध्ये खांब नाही, दोन्ही बाजूंनी उजेड. देवासला आमच्या दोन खोल्यांत माझी मॉडेल रेल्वे आठ वर्षं पलंगाखाली राहिली, तुकड्यातुकड्यांत, जुन्या चादरींत गुंडाळलेली. आज ट्रकवाल्याला मी त्या खोक्यांना हात लावू दिला नाही. एकेक स्वतः उतरवलं. तो हसत होता. हसू दे.

पीथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सची जागा मिळाली तेव्हा सगळे म्हणाले इंदूरला घर घे. मी धार निवडलं. एक तर बस इथून सुटते. दुसरं म्हणजे या गावात अजून रेल्वे नाही. एवढं राजाचं गाव, आणि गाडी पकडायची तर इंदूरला जा. काम चालू आहे, येईल येईल म्हणतात. मी म्हटलं, सरकारच्या आधी मी आणतो. किल्ला, मुंज तलाव, नालछ्याकडे जाणारा रस्ता, ही कॉलनी, हे घर, आणि मधून गाडी. सगळं एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. खेळणं नव्हे. खेळण्यात माप नसतं.

मी कॉलेजात गेलो नाही. मोटर वाइंडिंगपासून कंट्रोल पॅनलपर्यंत सगळं हाताने शिकलो, आणि डिग्रीवाले जिथे अडतात तिथे मला बोलावतात. हे लिहून ठेवायला हरकत नाही, कारण खरं आहे.

घरमालक मानसिंगराव शेजारच्याच घरात राहतात. सत्तरीचे, ताठ, बोलणं जुन्या दरबारी वळणाचं. किल्ली देताना त्यांनी हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातली एक लाल फरशी दाखवली. वास्तुशांतीच्या वेळी पुरलेला वास्तुपुरुष तिच्याखाली आहे. सणावाराला तिथे नैवेद्याचा घास ठेवायचा, जड काही ठेवायचं नाही, आणि घरात अभद्र बोलायचं नाही, एवढ्याच अटी. माझी आईही म्हणायची की घरात बोललेल्या शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हटलं, मग प्रमोशनच मागून बघतो. ते हसले नाहीत.

"मागू नका," म्हणाले. "ती सगळ्याला हो म्हणते, भूपेंद्रराव. तिला थट्टा कळत नाही."

नेहा आणि लेक ईशानी मार्चअखेर येतील, ईशानीची बारावी आटोपली की. तोवर हॉल माझा. संध्याकाळचा डबा गल्लीतल्या भवानीबाई आणून देणार. आज पहिला डबा आला, दाल-बाफले. झकास.

१२ जानेवारी

रविवार. टेबल उभं केलं. सहा पाय, आणि एक पाय नेमका त्या लाल फरशीवर येतो. फरशी चार मिलिमीटर वर आहे. लोकांना चार मिलिमीटर म्हणजे काही नाही. माझ्या मापात तो फूटभराचा चढ. नालछ्याकडे निघालेली गाडी तिथे धापा टाकणार. पाचर मारून भागवणारे भागवतात. मी छिन्नी घेतली आणि फरशी उचलली.

खाली तांब्याचं लहान भांडं, झाकण लावलेलं. आत वाळून काळं पडलेलं शेवाळ, थोडं धान्य, आणि बोटाच्या पेराएवढी तांब्याची प्रतिमा, पालथी झोपवलेली. उलटी करून पाहिली. इतक्या लहान मापात नाक-डोळे स्वच्छ कोरलेले. ज्याने केली त्याला काम येत होतं. खड्डा सिमेंटने भरला, वर फरशी सपाट बसवली, लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. प्रतिमा काडेपेटीत ठेवून दिली, भांडं कपाटात.

१४ जानेवारी

संक्रांत. मानसिंगराव तिळगूळ घेऊन आले. दारातूनच विचारलं, घास ठेवला का. मी हो म्हणून सांगितलं. त्यांना आत बोलावलं नाही, टेबलाचा पाय दिसला असता. ते बराच वेळ उंबऱ्यावर उभे राहिले, आत काहीतरी हुंगल्यासारखे. मग म्हणाले की घर आज ओळखीचं वाटत नाही. म्हातारपण.

२ फेब्रुवारी

रूळ पूर्ण झाले. प्रत्येक सांधा स्वतः सोल्डर केला. किल्ल्याची टेकडी प्लास्टरची, गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, झाडं तांब्याच्या तारेची आणि भांडी घासायच्या स्पंजची. आणि आज हे घर झालं, टेबलावर. आठ दिवस लागले. पुढचा व्हरांडा, जाळी, तिसऱ्या पायरीचा उडालेला कोपरा, मीटरची पेटी, सगळं. एकच खिडकी उघडझाप होते, माझी लिहायची. पुढचं दार नुसतं रंगवलंय. मागची बाजू भिंतीकडे, म्हणून ती केलीच नाही, नुसतं उघडं प्लायवूड. नेहा फोनवर म्हणाली, इतके बारकाईवाले ना तुम्ही, मग मागचं का नाही. मी सांगितलं, जे दिसत नाही ते नसलं तरी चालतं. या कामाचा नियमच आहे तो.

माणसं तीन केली, प्रत्येक दोन सेंटिमीटर. स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्या नेहा आणि ईशानी. खिडकीत लिहीत बसलेला मी. डाव्या हाताची बोटं सुटी केली नाहीत, एवढ्या मापात कोणी करत नाही.

मग ती काडेपेटी आठवली. नाली-कचऱ्यात टाकणं बरं दिसेना, आणि मानसिंगरावांना सांगणं म्हणजे चूक कबूल करणं. विचार केला, ज्या घराची वास्तू त्याच घरात राहू दे. माझं घर त्याच घराची अचूक नक्कल आहे, मग तिचा कोपराही तिथे आहेच. घराच्या तळाला आग्नेयेला खाच करून प्रतिमा पालथी बसवली, वर पक्कं चिकटवणारं एपॉक्सी ओतलं. हात जोडले, चेष्टेतच, आणि मोठ्याने म्हटलं, "आजपासून हेच घर."

जेवायला बसलो तेव्हा डबा गार झाला होता. बंद डबा, इतक्या लवकर.

९ फेब्रुवारी

गाडी धावली. पहिल्याच फेरीत एक डबा न घसरता. टाळ्या वाजवायला कोणी नाही, म्हणून स्वतःच वाजवल्या. हॉलमध्ये टाळीचा आवाज मात्र फार पोचट येतो. भरल्या घरात घुमत नाही हे मान्य, पण हे भरलेलं नाही.

दुपारी फोडणीचा वास आला. जिरं, हिंग, लसूण. माझ्या स्वयंपाकघरात गॅसही नाही अजून. वास शोधत शोधत टेबलापाशी आलो. छोट्या घराच्या जाळीतून येत होता. नाक लावलं तेव्हा चटका बसला, वाफेचा.

शेजारून येत असेल. वारा कुठून कुठे वळतो, कोणी सांगावं.

१६ फेब्रुवारी

मागचं दार उघडत नाही. कडी काढली, खांदा लावला, मग पहारीने प्रयत्न केला. फट सापडली नाही. दाराला फट नाही! चौकट आणि फळी एकच. स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर पलीकडे अंगण नाही, कडुनिंब नाही, तपकिरी प्लायवूड. नखाने ओरखडलं. पांढऱ्या डिंकाचा वास आला.

मी मेंटेनन्सचा माणूस आहे. यंत्र बिघडलं की आधी काय बदललं ते बघायचं. काय बदललं ते मला माहीत आहे. तरी लिहायला हात धजत नाही.

नेहाचा फोन आला नेमका तेव्हाच. लवकर यायचं म्हणत होती, शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी, आणि येताना जेवणाचं टेबल आणणार म्हणून माझं टेबल भिंतीला सरकवून ठेवा. माझं डोकं गेलं. म्हटलं, हे टेबल हलवायचं तर आधी मला उचलावं लागेल. तिने फोन ठेवला. मी तेच वाक्य रिकाम्या हॉलमध्ये पुन्हा एकदा म्हटलं, रागात.

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी कुठे उभा राहून काय बोललो.

१९ फेब्रुवारी

बसवाला थांबला नाही. हात दाखवला, समोरून गेला. कारखान्यातून फोनही नाही. भवानीबाईंचा डबा कालपासून बंद. विचारायला गेलो तर त्या ओट्यावर गहू निवडत दुसऱ्या बाईला सांगत होत्या की त्या घराला दारच सापडेना बाई, रंगवल्यासारखं दिसतं, हात लावला तर सपाट. मी त्यांच्या समोर उभा होतो. त्यांनी माझ्या अंगावर सुपातला कोंडा पाखडला.

मानसिंगरावांकडे गेलो. सगळं सांगणार होतो, लाल फरशीपासून. त्यांच्या अंगणात मोठमोठ्याने हाका मारल्या. ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. एकदा मान वर केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि कानाजवळचा डास हाकलला.

२३ फेब्रुवारी

प्रतिमा काढायला बसलो. काढायची, भांड्यात ठेवायची, सिमेंट फोडून परत पुरायची. साधं काम. पण ते एपॉक्सी मी ओतलंय, आणि माझं काम सुटत नाही. करवत लावली. छोट्या घराच्या भिंतीला बारीक चीर गेली आणि माझ्या डोक्यावर हॉलचं छत तडकलं. प्लास्टरचा पोपडा खांद्यावर पडला. करवत थांबवली. छत थांबलं.

पुन्हा लावून पाहिली. एकदाच.

ते घर तोडलं तर हे माझ्यावर येतं. आता यातलं घर कोणतं ते मला नीट सांगता येत नाही.

छोट्या घरात दिवा लागलाय. मी वायर टाकलेली नाही. सुखात राहतंय तिथे कोणीतरी. इकडे नळाला पाणी नाही, भिंतीला ओल नाही, पाल नाही, मुंगी नाही. काही जिवंत राहायला तयार नाही इथे.

२ मार्च

नेहाला फोन लावला. लावतोच आहे. ती हॅलो हॅलो करते. मी सांगतो, येऊ नका, देवासलाच राहा, ईशानीला घराच्या उंबऱ्याला पाय लावू देऊ नकोस. तिचा मेसेज आला: तुमचा आवाज येत नाही, नुसती घरघर येते, गाडी चालल्यासारखी. दिवसभर तेच खेळत बसता का. जाऊ दे, येऊन बघते.

येऊन बघू नकोस. लिहिलं, पाठवलं, गेलं नाही. येऊन बघू नकोस.

९ मार्च

पुढचं दारही गेलं. रंग आहे नुसता. कडी रंगवलेली, तिची सावलीसुद्धा रंगवलेली. मीच काढली होती ती सावली, एका केसाच्या ब्रशने. अभिमान वाटला होता.

आता फक्त खिडकी.

दुपारी डुलकी लागली. जागा झालो तेव्हा खिडकीबाहेर कॉलनी होती, पण पानं हलत नव्हती. उतरलो. पायाखाली गवत नाही, भुसा. हिरवा, खरखरीत, घोट्यापर्यंत. झाडाला हात लावला, स्पंज. स्टेशनपर्यंत चालत गेलो. माझेच रूळ, माझाच सोल्डर, आता मांडीएवढा जाड. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जमीन संपते. खाली — खूप खाली — फरशा. हॉलच्या. एक लाल.

धावत परत आलो. हे घर नाही, ते आहे. म्हणजे मी त्यात — 

१५ मार्च (असावी)

भूक नाही. आधी वाटलं भीतीने. पण तहानही नाही.

प्लॅटफॉर्मवर नेहा आणि ईशानी उभ्या आहेत, मी केलेल्या, डोळ्यांच्या जागी ठिपके. आधी गाडीकडे तोंड होतं. आता घराकडे. मी त्यांना पाठमोरं वळवलं. सकाळी परत इकडे. जवळही. त्यांना उचलून पटरीपलीकडे ठेवलं, मोठ्याने म्हटलं की या घरात पाऊल टाकायचं नाही.

आज नाहीत. दोघीही नाहीत. हे तथास्तु आहे की काय ते कळायला मार्ग नाही.

तारीख नाही

आल्या.

आभाळ उघडलं आधी. म्हणजे हॉलचं दार. मग आवाज, इतका मोठा की खिडकीची काच थरथरली. नेहा मला हाक मारत होती. स्वयंपाकघरात, मागे, परत हॉलमध्ये. ती आत आली, कारण ते दार आता खरंच दार आहे. तिकडचं सगळं परत खरं झालंय, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. नळाला पाणी आलं, ऐकू आलं.

त्यांना काही होणार नाही. घर त्यांना काही करणार नाही. ते एवढं तरी — मला पुरे —

खिडकीत उभा राहून ओरडलो. ओरडतोय.

तारीख नाही

पोलीस येऊन गेले. कारखान्याचा माणूसही, म्हणाला फेब्रुवारीपासून गैरहजर. नेहा रडली नाही त्यांच्यासमोर. नंतर रडली, टेबलाच्या कडेला डोकं टेकून. टेबल हललं, डबे घसरले. मी किती वर्षांनी तिला इतक्या जवळून पाहिलं.

डाव्या हाताची बोटं सुटी होत नाहीत. धरून ओढली. मध्ये फटच नाही.

तारीख नाही

ईशानीचा डोळा. खिडकीएवढा. पापण्यांवर पाणी. मी हात हलवला, म्हणजे हलवायचा होता.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी खुदला पण बनवलंय. देख ना, खिडकीत. तोंड उघडं आहे, चिल्लावून राह्यलेत."

नेहा आली. पाहिलं.

"घरात तसेच तर असायचे ग," म्हणाली.

— 

मानसिंगराव आले. टेबलाच्या पायापाशी बसले, कोपऱ्यात, सपाट बसवलेल्या लाल फरशीवर हात फिरवला. मग टेबलावरचं घर तिरकं करून खाली पाहिलं. मी भिंतीवर आदळलो. त्यांना दिसली ती प्रतिमा.

ते हळू बोलत होते, पण इथे सगळं ऐकू येतं. काढू पाहिली, निघत नाही, काय लावलंय कोण जाणे. घरातली वास्तू एकदा उठवली की परत पुरत नाहीत. नवी बसवू. ही मानाने नर्मदेत सोडायची. घरासकट, काही बिघडत नाही, त्यांच्या हातचं आहे, त्यांनाही पुण्य.

नेहा म्हणाली नेमावरला नेऊ. तिचं माहेर कन्नौदचं, घाट माहितीचा. अमावास्येला.

नाही नेहा —

डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून बुडवणार मला —

तारीख नाही

उचललं. मला.

लाल कापड. सगळं लाल. हे मी म्हणालो होतो. उचलावं लागेल म्हणालो होतो.

उलट बोलून पाहिलं. सगळं उलट. मी चुकलो, हे घर नाही, ते घर आहे, ते. कोपऱ्यात जाऊन जमिनीला तोंड लावून सांगितलं. खाली ती पालथी आहे, तिचं तोंडही माझ्याकडे नाही. मग एवढंच म्हटलं, मला बाहेर काढ.

गाडी सुरू झाली.

काढतेच आहे ती.

— 

ईशानीच्या मांडीवर आहे. कापडातून तिच्या हाताची ऊब येते. वळणावर ती घट्ट धरते, तिरकं होऊ नये म्हणून. माझ्यासारखी आहे. बारकाईची.

घंटा. माणसं. कोणी नर्मदे हर म्हणतंय. पायऱ्या, एकेक, खाली. मानसिंगराव मंत्र म्हणतायत, नेहा त्यांच्या मागून. ईशानीला मराठी वाचता येत नाही नीट, ही वही तिला सापडली तरी — पण वही इथे आहे, माझ्याबरोबर —

कापड सोडलं. ऊन.

तरंगतंय. तळाला तांब्याचं वजन आहे, सरळ उभं राहिलं. छान बसलंय वजन. दोघी काठावर. ईशानी हात —

मागून आवाज येतोय. बारीक, बुडबुड्यासारखा.

स्वयंपाकघरातून. मागच्या भिंतीतून, जिथे मी काही केलंच न